परिचारिकांचा थकवा : एका मोजमापाचा इतिहास

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाला एक अडचण भेडसावत होती. वरवर पाहता ती वेळापत्रकाची अडचण होती. रुग्णालयात सुमारे सातशे परिचारिका होत्या. त्यांपैकी पूर्ण प्रशिक्षित जेमतेम दीडशे. बाकीच्या सगळ्या विद्यार्थिनी. वॉर्डांमधले बहुतेक काम या विद्यार्थिनीच करत. कोणत्या मुलीला कोणत्या वॉर्डात किती दिवस पाठवायचे याचे कोष्टक काही केल्या बसत नव्हते. वॉर्डाची गरज भागवावी तर मुलींचे शिक्षण मागे पडे, शिक्षण सांभाळावे तर वॉर्ड उघडे पडत. शाळेचे वेळापत्रक ज्यांनी कधी तयार केले आहे त्यांना ही ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको.

रुग्णालयाने टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन रिलेशन्स या संस्थेची मदत मागितली. काम आले इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक संशोधिकेकडे. त्यांनी परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या, वॉर्डांमध्ये काम चालू असताना निरीक्षणे केली. कोष्टकाची चर्चा करताना त्यांना वारंवार वेगळेच काही दिसू लागले. या मुली आणि त्यांच्या वरिष्ठही कमालीच्या तणावाखाली होत्या. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतःहून जात. जाणाऱ्यांमध्ये हुशार, जबाबदारी घेऊ शकणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. वरिष्ठ परिचारिका वरचेवर नोकरी बदलत. किरकोळ आजारपणाच्या रजांचे प्रमाणही मोठे होते.

हा ताण कुठून येतो, या प्रश्नाचे मेन्झीसबाईंनी १९६० मध्ये जे उत्तर छापले, त्याचा हा इतिहास आहे. ते उत्तर त्या काळी किती वेगळे होते हे कळण्यासाठी आधी शंभर वर्षे मागे जायला हवे.

नाइटिंगेलबाईंच्या दोन वह्या

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेतलेली स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र त्यांची दुसरी ओळखही विद्यार्थ्यांना करून द्यायला हवी : संख्याशास्त्रज्ञ म्हणून. क्रायमियन युद्धात १८५४ मध्ये त्या ३८ परिचारिकांना घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे सैनिक मोठ्या संख्येने मरत होते. युद्ध संपल्यावर त्यांनी मृत्यूंची आकडेवारी महिन्यामहिन्याने मांडली आणि १८५८ मध्ये तिची वर्तुळाकार आकृती प्रसिद्ध केली. जखमांनी मेलेल्यांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले सैनिक कितीतरी जास्त आहेत, हे त्या आकृतीवरून एका दृष्टिक्षेपात कळे. दोष सैनिकाच्या प्रकृतीत नव्हता. तो गटारांत, कोंदट हवेत आणि दाटीवाटीत, म्हणजे व्यवस्थेत होता. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथे प्रत्येक विद्यार्थिनीच्या नोंदींचा तक्ता ठेवला जाई. त्याचा एक भाग वॉर्डातल्या कौशल्यांचा, तर दुसरा शीलाचा असे : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. त्यांपुढे उत्तमपासून शून्यापर्यंत श्रेणी मांडायची. त्या काळी परिचारिकेच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती. ती मिळवून द्यायची तर तिचे शील निर्विवाद दिसायला हवे, हे नाइटिंगेलबाईंचे धोरण त्या परिस्थितीत समजण्यासारखे आहे. पण त्याचा एक परिणाम दीर्घकाळ टिकला. सैनिकाच्या मृत्यूचे कारण व्यवस्थेत शोधायचे हे त्यांनी जगाला शिकवले, परंतु परिचारिका थकली, कोमेजली, काम सोडून गेली, तर त्याचे कारण तिच्या स्वभावात शोधायची सवय रुग्णालयांना लागली. एका वहीत व्यवस्थेची मोजदाद होती, दुसरीत व्यक्तीची.

शब्दांमधूनही ही सवय झिरपलेली दिसते. युरोपात रुग्णसेवा फार काळ जोगिणींच्या मठांशी निगडित होती, म्हणून इंग्रजीत वॉर्डाची प्रमुख ‘सिस्टर’ झाली, आणि जर्मन भाषेत परिचारिकेला ‘क्रांकनश्वेस्टर’, म्हणजे ‘आजाऱ्यांची बहीण’, म्हणू लागले. आपल्या रुग्णालयांत ‘सिस्टर, सलाइन संपलं’ ही हाक रोज ऐकू येते. महाराष्ट्र शासनाची पदनामे पाहा : अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. शब्द आदराचे आहेत. पण बहिणीने आणि सेविकेने थकल्याची तक्रार करू नये, हेही त्यांच्यात न सांगता येते.

कामाची वाटणी आणि भीती

आता मेन्झीसबाईंकडे परत येऊ. त्यांचे म्हणणे असे होते की परिचारिकेचे काम मुळातच मन ढवळून काढणारे आहे. वेदना, जखमा, अनोळखी माणसाच्या शरीराशी येणारा निकट संबंध, मरण, नातेवाइकांचा राग आणि कृतज्ञता हे सगळे तिच्यासमोर रोज येते, तेही अठरा-वीस वर्षांच्या वयात. यातून जी चिंता निर्माण होते ती कुठेतरी जायला हवी. तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलायची सोय रुग्णालयात नव्हती. म्हणून रुग्णालयाने नकळत, अनेक वर्षांच्या सवयीने, अशा कार्यपद्धती घडवल्या होत्या की चिंता जाणवूच नये.

पहिली पद्धत म्हणजे कामाची चिरफाड. एका परिचारिकेने दोन-चार रुग्णांची सगळी काळजी घ्यायची असे नव्हते. एकीने सर्वांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सर्वांच्या चादरी बदलायच्या, तिसरीने सर्वांना जेवण द्यायचे. त्यामुळे कोणत्याही एका माणसाशी फार जवळीक होत नसे. दुसरी गोष्ट भाषेची. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता ‘दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत’ किंवा ‘पंधरा नंबरचा न्यूमोनिया’ असा होई. तिसरी, निर्णय टाळण्याची. प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेला क्रम होता, तो तपासणारी एक, तिला तपासणारी दुसरी, आणि शंका आली की प्रश्न वरच्या पायरीकडे ढकलायचा. झोपेची नितांत गरज असलेल्या रुग्णांनाही भल्या सकाळी उठवून त्यांची तोंडे धुतली जात, कारण क्रमात तसे होते. चौथी, अलिप्तपणाची शिकवण. आवडत्या रुग्णाच्या मृत्यूने रडू आलेल्या मुलीला धीर मिळण्याऐवजी शिस्तीचे बोल ऐकावे लागत. गंमत अशी की वरिष्ठांशी खाजगीत बोलल्यावर त्यांनाही आतून कालवत असल्याचे मेन्झीसबाईंना आढळले. त्यांनाही तसेच शिकवले गेले होते.

या पद्धतींनी चिंता कमी झाली का? नाही. उलट वाढली. एखाद्या रुग्णाला बरे होताना पाहण्याचा, तो आपल्या हातून बरा झाला या जाणिवेचा जो आनंद या कामात असतो, तोच या व्यवस्थेने हिरावून घेतला. भीतीपासून संरक्षण म्हणून उभारलेली भिंत थकव्याचे कारण होऊन बसली. जिला विचार करायची, जबाबदारी घ्यायची हौस होती तिची घुसमट सर्वांत जास्त. हुशार मुली का जात होत्या, याचे उत्तर इथे मिळाले.

या निबंधाचे महत्त्व असे की ताणाचा पत्ता प्रथमच बदलला. तो परिचारिकेच्या स्वभावातून निघून वॉर्डाच्या रचनेत आला. मेन्झीसबाईंनी सुचवलेले मूलगामी बदल मात्र त्या रुग्णालयाने केले नाहीत. किरकोळ दुरुस्त्यांवर भागवले. रुग्णाला एकाच परिचारिकेच्या जबाबदारीवर सोपवण्याची पद्धत १९६९च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत ब्रिटनसह अनेक देशांत पोहोचली.

बावीस विधाने

मेन्झीसबाईंचे निरीक्षण एका रुग्णालयापुरते होते आणि त्यात मोजमाप नव्हते. पुढचे पाऊल मोजमापाचे पडले. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञाने विनामूल्य दवाखान्यांत झटून काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या स्थितीला ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. आपण त्याला ‘जळून विझणे’ म्हणू. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात क्रिस्तिना मास्लॅक या सामाजिक मानसशास्त्रज्ञ परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक अशा, माणसांशी सतत संबंध येणाऱ्या व्यावसायिकांच्या मुलाखती घेत होत्या. १९८१ मध्ये त्यांनी सुसान जॅक्सन यांच्यासह एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात २२ विधाने आहेत, आणि तसा अनुभव किती वेळा येतो ते ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंतच्या श्रेणीत सांगायचे असते. विधानांचे तीन गट पडतात : भावनिक थकवा, समोरच्या माणसाला वस्तू समजू लागणे, आणि आपल्या हातून काही भले होत आहे ही भावना क्षीण होणे.

यातला दुसरा गट नीट पाहा. ‘दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत’ हेच ते! मेन्झीसबाईंना जी गोष्ट रुग्णालयाची कार्यपद्धती म्हणून दिसली, तीच मास्लॅकबाईंना व्यक्तीच्या मनातले लक्षण म्हणून दिसली. मोजमापाचा फायदा असा की आता हजारो परिचारिकांची तुलना शक्य झाली. धोका असा की प्रश्नावली एकेका व्यक्तीने भरायची असल्यामुळे दोषही पुन्हा व्यक्तीच्याच माथी मारणे सोपे झाले. कित्येक रुग्णालयांनी उपाय म्हणून परिचारिकांना श्वसनाचे व्यायाम आणि ताण सोसण्याच्या युक्त्या शिकवायला सुरुवात केली. त्यांचा थोडा उपयोग होतोही. पण गटार तुंबलेले ठेवून सैनिकाला काटक बनवण्यासारखेच ते आहे. स्वतः मास्लॅक पुढे सातत्याने हेच सांगत राहिल्या की कामाचे ओझे, त्यावरचा ताबा, मिळणारी दाद आणि न्याय्य वागणूक यांकडे पाहिले पाहिजे.

दरम्यान अमेरिकेत कोणीतरी प्रश्न उलटा विचारला. परिचारिकांची मोठी टंचाई असतानाही काही रुग्णालये त्यांना टिकवून कशी धरतात? तिथल्या परिचर्या अकादमीने १६३ रुग्णालये तपासून १९८३ मध्ये त्यांतली ४१ निवडली आणि त्यांना नाव दिले ‘चुंबक रुग्णालये’. तिथल्या परिचारिका काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या. तिथे मनुष्यबळ पुरेसे होते, पाळ्या ठरवताना त्यांचे ऐकले जाई आणि रुग्णाविषयीच्या निर्णयात त्यांच्या मताला किंमत होती.

वेगवेगळ्या भाषांतला थकवा

मोजपट्टी हाती आली की ती परदेशी नेण्याचा मोह होतोच. लिंडा एकेन या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधिका मूळच्या परिचारिका. त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, स्कॉटलंड आणि जर्मनी येथील सातशेहून अधिक रुग्णालयांतल्या ४३,००० परिचारिकांची पाहणी केली. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. भावनिक थकव्याचे गुण वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या पातळीपेक्षा जास्त असलेल्या परिचारिका अमेरिकेत ४३ टक्के निघाल्या, तर जर्मनीत १५ टक्के. पुढे जपान आणि न्यूझीलंड धरून सहा देशांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वाधिक थकवा जपानमध्ये आढळला आणि सर्वांत कमी पुन्हा जर्मनीत.

यावरून जपानी परिचारिका जर्मन परिचारिकेपेक्षा अमुक पट थकलेली आहे, असे म्हणता येईल का? इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवे. ‘माझ्या हातून काही मोलाचे काम होते’ या विधानाला ‘रोज’ असे उत्तर देणे एका समाजात प्रामाणिकपणाचे, तर दुसऱ्या समाजात बढाईचे वाटू शकते. थकलो असे म्हणणे कुठे लाजेचे असते, कुठे कष्टाळूपणाची खूण. जपानी भाषेत बर्नआउटला ‘जळून संपण्याचा विकार’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूलाही ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्या मृत्यूंना आळा घालण्यासाठी २०१४ मध्ये तिथे कायदाही झाला. थकव्याला जिथे अशी नावे आहेत तिथली उत्तरे आणि जिथे ती नाहीत तिथली उत्तरे एकाच मापाने तोलताना जपायला हवे.

एक साधे उदाहरण घेऊ. वर्गात पाच तापमापके आहेत, पण त्यांच्या शून्याच्या खुणा एकसारख्या जागी नाहीत. मग एकावर ३० आणि दुसऱ्यावर ४० दिसले म्हणून दुसऱ्या भांड्यातले पाणी अधिक गरम, असे ठरवता येत नाही. पण प्रत्येक भांड्याखाली दिवा लावल्यावर पाचही तापमापकांतला पारा चढला, तर उष्णतेने पारा चढतो हे नक्की. नेमके हेच झाले. सहा देशांत थकव्याची पातळी वेगवेगळी होती, परंतु ज्या परिचारिका जास्त थकलेल्या होत्या त्यांच्या मते वॉर्डातल्या सेवेचा दर्जा कमी होता, हा संबंध सर्व देशांत आढळला. संस्कृतीने पातळी बदलली तरी नाते बदलले नाही.

एक रुग्ण जास्त

२००२ मध्ये एकेन यांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण. प्रश्न एकच : एका परिचारिकेकडे सरासरी किती रुग्ण? त्या संख्येत एकाची भर पडली की परिचारिका बर्नआउटच्या अवस्थेत असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, आणि नोकरीबद्दल असमाधानी असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. (इथे शक्यता म्हणजे घटना घडणे आणि न घडणे यांचे परस्पर प्रमाण.) ही वाढ चक्रवाढीने होते. चारऐवजी आठ रुग्ण असतील तर १.०७ ला १.०७ ने असे चार वेळा गुणायचे : उत्तर सुमारे १.३१. म्हणजे मृत्यूच्या शक्यतेत ३१ टक्क्यांची वाढ. वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना हे उदाहरण घेण्यासारखे आहे.

नाइटिंगेलबाईंच्या दोन वह्या इथे प्रथमच शेजारीशेजारी आल्या. मृत्यूंची मोजदाद आणि परिचारिकेची अवस्था यांच्यामध्ये एकच आकडा उभा होता, आणि तो व्यवस्थेचा आकडा होता.

यावर एक रास्त शंका येते. ज्या रुग्णालयांत परिचारिका कमी, तिथे इतरही उणिवा असतील. मग मृत्यूंचे कारण त्या उणिवा नसतील कशावरून? अभ्यासकांनी रुग्णालयाचा आकार, तिथली साधने आणि रुग्णांच्या आजाराची तीव्रता हिशेबात धरली होती, तरी एका वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. त्यासाठी बदल घडवून पाहावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने २०१६ मध्ये तो घडवला. तिथल्या २७ सार्वजनिक रुग्णालयांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे किमान एक परिचारिका कायद्याने बंधनकारक केली. त्यांची तुलना हा नियम लागू नसलेल्या २८ रुग्णालयांशी केली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नियम लागू झालेल्या रुग्णालयांत मृत्यूंचे प्रमाण घटले, दुसऱ्या गटात तशी घट दिसली नाही. रुग्ण लवकर घरी गेले आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले. त्यातून वाचलेला पैसा जादा परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. कॅलिफोर्नियाने असा कायदा १९९९ मध्येच केला होता. तो २००४ पासून अमलात आहे.

आपल्या वॉर्डात

आपल्याकडे निकष नाहीत असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री जो कोणी आप्ताच्या उशाशी बसला आहे, त्याने एका सिस्टरच्या वाट्याला आलेल्या खाटा मोजून पाहिल्या असतील. खाजगी रुग्णालयांतील वेतन आणि कामाच्या अटींसाठी केरळातल्या परिचारिका २०११-१२ मध्ये रस्त्यावर उतरल्या. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नासाठी समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाच्या जागेशी निगडित अवस्था म्हटले. २०२० हे वर्ष नाइटिंगेल यांच्या द्विशताब्दीनिमित्त परिचारिकांचे वर्ष म्हणून जाहीर झाले होते. त्याच वर्षी कोविडची साथ आली. लोकांनी थाळ्या वाजवल्या. वॉर्डातल्या खाटा आणि परिचारिका यांचे प्रमाण मात्र थाळ्यांनी बदलत नाही.

हा इतिहास शिक्षकांच्या मासिकात सांगण्याचे आणखी एक कारण आहे. मास्लॅक यांच्या प्रश्नावलीची एक आवृत्ती १९८६ पासून शिक्षकांसाठीही वापरली जाते. विधाने जवळपास तीच. ‘रुग्ण’ या जागी ‘विद्यार्थी’. आपल्या वर्गात साठ-सत्तर मुले असतात. ‘नववी बमधला एकवीस नंबर’ असे शब्द शिक्षकांच्या खोलीत ऐकू येऊ लागले, तर एकवीस नंबरच्या मुलाला नाव आहे हे आठवायला हवे, आणि ते बोलणाऱ्या शिक्षकाकडे वर्ग किती आहेत, मुले किती आहेत आणि शाळेबाहेरची कामे किती आहेत हेही मोजायला हवे. मुख्याध्यापकांनी त्या शिक्षकाला बोलावून समज देण्याआधी ही मोजणी केली, तर बहुधा समज देण्याची वेळ येणार नाही.